जानरावबाबूंचा बिनमंजुरीचा टॉवर

जानरावबाबूंच्या खिशात पेन नसे, रुमाल नसे, सुपारीही नसे. मोजायचा टेप असे. सुतारांकडे असतो तसला, बटण सोडलं की सर्रकन आत जाणारा. ते कोणाच्या दारात उभे राहिले की घरचा माणूस आधी त्यांच्या हाताकडे बघायचा. हात खिशात गेला की समजायचं, आता आपलं काहीतरी मोडणार.

"रस्त्यावर आलं हो हे," म्हणत ते वाकायचे. ओटा, पायरी, न्हाणीची मोरी, तुळशीचं वृंदावन, त्यांना काही वर्ज्य नव्हतं. मोजून झालं की टेप सोडायचे, तो आत गेल्याचा आवाज नीट ऐकून घ्यायचे आणि मान वर करून विचारायचे, "मंजुरी कोनाची?"

लोणारहून मेहकरकडे जाताना सुलतानपूर लागतं, त्याच्या थोडं अलीकडे आमचं गाव. अशा गावात मंजुरी घेऊन कोणी पायरी बांधत नाही. पण जानरावबाबूंचा जन्म कचेरीत लिपिकी करण्यात गेला होता. लोकांचे अर्ज परत पाठवणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं शाल दिली, नारळ दिला, आणि मोकळा श्वास घेतला. मग ते कायमचे आमच्या गल्लीत राहायला आले आणि आमचा श्वास बंद झाला.

शेजारच्या शकील वेल्डरची शेळी होती. बाबूंनी एकदा तिच्या गळ्यापासून खुंट्यापर्यंत दोर मोजला.

"शकील, दोर चार बोटं लांब हाय. शेळी रस्त्यावर येते."

"बाबूजी, आता शेळीले काय नोटीस देऊ?"

"शेळीले नाई, तुले. खुंटा मांगं घे."

शकीलनं खुंटा मागे घेतला. तेव्हापासून शेळीला सावली मिळेना. ती दिवसभर बाबूंच्या दाराकडे तोंड करून ओरडायची, आणि बाबू ओट्यावर बसून ते ऐकायचे. ओरडायला मंजुरी लागते असा कायदा त्यांना सापडला नाही, नाहीतर तोही लावला असता.

आता माझं. मी कापसाचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरला काटा बांधून खेडोपाडी फिरलो आहे, कोणाच्या बापाच्या पैशावर शेठ झालेलो नाही. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि माझा स्वभावही. देवळातल्या पुजाऱ्याशीसुद्धा मी अभिषेकाचा भाव करतो. असा मी, घरासमोर टिनाचं शेड टाकलं, कापूस ठेवायला. बाबू आले. टेप आला. "हातभर बाहेर हाय, शेठ. मंजुरी कोनाची?"

मी म्हटलं, "बाबू, गाव माहं, घर माहं, घाम माहा. मंजुरी कोनाची पाह्यजे?"

त्यांनी वाद घातला नाही. ते कधीच वाद घालत नसत. ते अर्ज करत. ऐन हंगामात पंचायतीची माणसं आली आणि शेड काढून गेली. चार दिवसांनी अवकाळी पाऊस आला आणि माझा कापूस उघड्यावर भिजला. मी, माझी बायको कमल, दोघं ताडपत्री घेऊन नाचत होतो, तेव्हा हा माणूस छत्री लावून समोर उभा. म्हणतो, "मी सांगतलं होतं, शेठ."

ती छत्री मी आजही विसरलेलो नाही. विसरण्याचा विचारही नाही.

पण न्यायानं सांगायचं तर बाबूंनी स्वतःच्या घरालाही सोडलं नाही. पोरीच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. नंदा त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली, बाप कचेरीच्या गावी, तेव्हा निम्मं बालपण तिनं आमच्या स्वयंपाकघरात काढलं. तिला टाकळीला दिली. टाकळी आमच्या गावाच्या खाली, उतारावर, बाबूंच्या गच्चीवरून तिची झाडं दिसतात. वरात निघाली. नवरदेव घोड्यावर, पुढं वाजा, त्याच्या पुढं टाकळीची पोरं धूळ उडवत नाचताहेत, आणि मारुतीच्या पारापाशी मुलीचा बाप रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. हातात कागद.

"वाजा बंद. मंजुरीची वेळ संपली."

वाजेवाल्यांना वाटलं, पुढं कोणाकडे मयत आहे. त्यांनी ढोल खाली ठेवले. नवरदेवाचा मामा तेवढा डोळे मिटून नाचत होता, त्याला बंद झाल्याचं कळलंच नाही. तो बिचारा आवाजाशिवाय बराच वेळ नाचला. सगळं गाव हसलं. टाकळीचं मात्र कोणीच हसलं नाही. नवरदेवाचे वडील किसनराव पुढं आले. मोठा कास्तकार, शब्दाला जड. म्हणाले, "बाबू, आमच्या पोराचा वाजा थांबवला तुमी. ठीक हाय. आता आमच्या दारात याचं तर आमची मंजुरी घेऊन या."

दुसरा बाप असता तर पाय धरून मोकळा झाला असता. टाकळी काही विलायतेत नाही, सकाळी गेला तर पाया पडून दुपारच्या जेवणाला परत. पण बाबूंनी तो हुकूम रेकॉर्डवर घेतला. मंजुरी नाही म्हणजे जायचं नाही. किसनरावही तसलेच. त्यांनीही सुनेला दिवाळीला धाडलं नाही. दोन्हीकडे दगड, मध्ये पोरगी.

मी तेव्हा कमलला म्हणालो, "बरं झालं. कोनीतरी बाबूले त्याच्याच मापानं मोजलं." कमलनं माझ्या ताटात भाजी वाढली नाही.

मग टॉवर आला.

मोबाईल नुकते गावोगाव पसरत होते, पण आमच्याकडे रेंज म्हणजे नशिबाचा भाग. लोक बोलायला म्हणून पाण्याच्या टाकीवर चढायचे. खाली टाकळीत तर तेही नाही. एक दिवस जीपमधून टॉवरवाले आले. आधी माझ्याकडेच आले, कारण गल्लीत माझा स्लॅब उंच. मी चहा मागवला आणि भाव सांगितला. माझा भाव म्हणजे नुसती सुरुवात असते, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्या शहरी पोरांना ठाऊक नव्हतं. ते चहा न पिता उठले. मी मुद्दाम थांबवलं नाही. जाणारं गिऱ्हाईक कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतं.

कोपऱ्यावर जानरावबाबू उभे होते.

त्यांनी काय भाव केला? काहीच नाही. समोरचे म्हणाले ते कबूल. एकच अट घातली, यंत्राचं तोंड टाकळीकडे पाहिजे. ती पोरं म्हणाली, तोंडं तर चारी बाजूला असतात. बाबू म्हणाले, "असू द्या. एक टाकळीकडे पाह्यजे. मले दाखवा."

आठ दिवसांत त्यांच्या गच्चीवर लोखंड उभं राहिलं. खाली जनरेटर आला, त्याची धडधड माझ्या उशीपर्यंत यायची. माझ्या हातातला व्यवहार, माझ्या डोळ्यांसमोर, माझा वैरी भावही न करता घेऊन गेला. मला जेवण गोड लागेना. आणि मग जेवता जेवताच मला सुचलं. मी हात न धुता पंचायतीत गेलो.

कागद काढायला लावले. चाळायला लावले. टॉवरवाल्यांचा एक अर्ज होता, खाली सही कोणाचीच नव्हती. नाहरकत नाही. ठराव नाही. शेळीच्या दोराला मंजुरी मागणाऱ्या माणसानं अख्खा टॉवर बिनमंजुरीचा उभा केला होता!

मी तो दिवस सणासारखा साजरा केला. पेढे वाटले नाहीत एवढंच.

गल्ली पेटवायला वेळ लागला नाही, कारण प्रत्येकाच्या घराला बाबूंनी कधी ना कधी टेप लावलेला होता. कोणी म्हणालं, टॉवरच्या लहरींनी डोकं दुखतं. कोणी म्हणालं, चिमण्या गेल्या. शकीलनं सांगितलं, "माही शेळी आटली." मी म्हटलं, "गड्या, तिले सावली नाई म्हणून आटली." तर म्हणतो, "शेठ, तुमी कोनाकून हाय?"

त्या वर्षी पऱ्हाटीवर, म्हणजे उभ्या कपाशीवर, लाल्या आला होता. बीटी बियाणं येऊन काही हंगाम झाले होते. सुरुवातीला लोकांनी पाकिटासाठी रांगा लावल्या, कापूस पिकला, गाड्या आल्या. आता पानं लाल पडून झाडं जागच्या जागी वाळत होती, आणि बियाणं विकणारे म्हणत होते, हवा बदलली. अशात कोणीतरी पुडी सोडली, लाल्या टॉवरमुळं येतो. ही पुडी मी सोडलेली नाही. पण कापूस मोजता मोजता मला कोणी विचारलं, "शेठ, खरं हाय का हो?" तर मी नाही असंही म्हटलं नाही. व्यापाऱ्यानं प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

बाबू मात्र निवांत. उलट त्यांना नवा छंद लागला होता. दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायचे, मोबाईल मांडीवर ठेवायचे. कोणी बोलायला आलं तर हातानं थांब म्हणायचे. मग तो फोन एकदाच वाजायचा, एकच घंटी, आणि बंद. मिस कॉल. तेव्हा पैसे वाचवायला सगळेच मिस कॉल द्यायचे. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. पण बाबू कधी उचलायचे नाहीत, कधी उलट लावायचेही नाहीत. घंटी वाजली की फोन खिशात टाकायचे, म्हणायचे, "चला, झालं," आणि आत जेवायला.

"बाबूची कोनीतरी हाय," शकील म्हणायचा. "या वयात! आन् मंजुरी कोनाची?"

आम्ही हसायचो. कमल हसायची नाही.

ग्रामसभा भरली. सरपंचबाई खुर्चीवर आणि त्यांचे यजमान खुर्चीच्या मागं, म्हणजे सभा यजमानांची. इतकी माणसं पाणीटंचाईच्या सभेलाही आली नव्हती. मी उभा राहिलो. वर्षानुवर्षं ज्या क्षणासाठी थांबलो होतो तो आला होता. मी आवाज बारीक केला, बाबूंसारखा, आणि विचारलं, "जानरावबाबू, मंजुरी कोनाची?"

छप्पर उडेल असं हसले लोक. शकीलनं तर शिट्टी मारली. मला वाटलं, बाबू आता पिशवीतून कागद काढतील, कलम वाचतील, सगळ्यांना पाणी पाजतील. ते उठले. खिशात हात घातला. हात तसाच राहिला.

"मंजुरी नाई," ते म्हणाले. "अर्ज केला हाय. तोवर चालू राहू द्या."

"माहं शेड राहू दिलं होतं का?" मी ओरडलो. "मीही अर्ज केला असता! चार दिवस थांबले असते तं कापूस वाचला असता माहा!"

मंजुरी येईपर्यंत टॉवर बंद, असा ठराव झाला. दुपारी वायरमन येऊन तार काढून गेला, जनरेटरला कुलूप लागलं. गल्लीत एकदम शांत झालं. मी खाटेवर आडवा झालो आणि खूप दिवसांनी सुखानं डोळे मिटले.

दिवेलागणीला दार वाजलं.

बाबू दारात. टोपी नाही. हातात फोन, तो नुसता धरलेला.

"शेठ, तुमचं शेड टाकून घ्या."

मी उठून बसलो. "मंजुरी कोनाची?"

"माही."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरचा न मागता भाव वाढवतो तेव्हा त्याचं घर जळत असतं, हे मला कळतं. मी म्हटलं, "आन् बदल्यात?"

"टॉवर चालू करा. आताच्या आता."

"आता कोन वायरमन येते? सकाळी पाहू. एवढी काय घाई हाय? तुमच्या त्या बाईचा मिस कॉल हुकला का?"

"नंदाचा," बाबू म्हणाले.

आतून कमल बाहेर आली. बाबू तिच्याकडे बघून बोलू लागले, माझ्याकडे नाही.

"टाकळीत पोळ्यापासून दोन मानसं गेली, सूनबाई. दोघंही कर्ते. दोघंही वावरातच. जवाई पह्यलेपासून मुक्यावानी, आता तं अजिबात बोलत नाई म्हनते. पऱ्हाटी वाळली तवापासून उशिरापर्यंत वावराच्या धुऱ्यावर बसून राह्यते एकटा. तो घरी आला की पोरगी मले एक घंटी देते. बोलत नाई, सासरा घरात राह्यते. एकडाव चोरून बोलली, तवाच हे ठरलं. घंटी आली की समजाचं, आला. मंग माह्यानं जेवल्या जाते." त्यांनी फोन उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल. "आज घंटी नाई."

मला राग आला. माझा राग कोणावर जातो ते माझं मलाही नेहमी कळत नाही. मी ओरडलो, "मंग जा ना टाकळीले! पाय मोडले का? बाप हाय तुमी तिचे!"

"किसनरावाची मंजुरी नाई."

"चुलीत घाला ती मंजुरी!" मी गाडीची किल्ली घेतली. "बसा मांगं. बसा म्हनतो ना!"

ते बसले. उतारावरून गाडी सोडली तेव्हा माझा सदरा त्यांनी दोन्ही मुठींत धरला होता. टाकळीच्या शिवेवर नाल्याचा रपटा आहे, बैलगाड्या जातात तो ठेंगणा पूल. तिथं पाठीवर थाप बसली.

"थांबवा. याच्या पुढं नाई येत मी. तुमी पाहून या. जवाई घरी आला का, तेवढंच."

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ते रपट्याच्या कठड्यावर जाऊन बसले, ते बसलेच.

किसनरावांच्या दारात मी व्यापारी म्हणून गेलो. दुसरं कारण नव्हतं. "कापूस दाखवा," म्हटलं. जावयाची चप्पल दारात नव्हती. गोठ्यातला एक खुंटा रिकामा. ओसरीच्या दारात नंदा उभी, पदराआड फोनची रेंज पुन्हा पुन्हा तपासत होती आणि रस्त्याकडे बघत होती. मला बघून तिचा हात थांबला.

किसनरावांनी कापूस दाखवला. रंग गेलेला, निम्मी कवडी, म्हणजे नीट न फुटलेली किडकी बोंडं. असल्या मालाचा सौदा मी उभ्याउभ्या मोडतो. त्या दिवशी मी बसलो. भाव केला. त्यांनी वाढवला, मी पाडला. मी उठलो, परत बसलो. मूठभर कापूस काढून दिव्यासमोर धरला. ओलाव्यावर बोललो, सरकीवर बोललो, माझ्या आजोबांच्या काळातल्या कापसावर बोललो. किसनरावांना वाटलं असेल, काय चिकट माणूस आहे! मला फक्त वेळ काढायचा होता, आणि मला वेळ काढायची दुसरी कुठलीही रीत येत नाही. अंधार दाटत गेला. नंदानं ओसरीवर आणखी एक दिवा आणून ठेवला. माझ्याकडचे मुद्दे संपत आले. तरी मी बोलतच होतो, घसा कोरडा पडला तरी.

मग बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. जावई आला. कोणाशी बोलला नाही, बैल बांधला, बादली घेतली आणि पाय धुऊ लागला.

"घेतला," मी म्हणालो.

"कोन्त्या भावानं?" किसनराव.

"तुमच्या."

माझ्या सगळ्या धंद्यात मी असा कधी बुडालो नव्हतो. नंदानं पाण्याचा तांब्या आणला. सासऱ्यासमोर खालमानेनं विचारलं, "काका, गावात सगळे बरे हायेत ना?"

"बरे हायेत. रपट्यावर बसेल हायेत."

किसनरावांनी ऐकलं, ऐकलंच. पण ते कापूस गाठोड्यात कोंबत राहिले.

रपट्यावर परत आलो तेव्हा बाबू टेप काढून बसले होते. थोडा ओढायचा, सोडायचा. अंधारात नुसता आवाज. त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, "आला. पाय धुऊन राह्यला."

"हं."

मीही कठड्यावर बसलो. खाली टाकळीचे दिवे दिसत होते.

"कापूस घेतला का?"

"घ्या लागला. तुमच्यापाई."

"महाग पडला असन."

"पडला."

टेप एकदा आत गेला. मग ते म्हणाले, "वाजा वाजू द्याले पाह्यजे होता, शेठ."

पंचायतीत मी नाहरकत लिहून दिली, शेजारी म्हणून. गल्लीच्या सह्याही मीच आणल्या. शकीलनं सही करायच्या आधी शेळीचा खुंटा पुढं घेण्याचं कबूल करून घेतलं, तो माझ्याच तालमीत तयार झाला आहे. ठराव झाला, तार जोडली, जनरेटर पुन्हा माझ्या उशाशी धडधडू लागला. मी लोकांना सांगितलं की लाल्याचा आणि टॉवरचा काही संबंध नाही, मी चौकशी केली आहे. तो कवडी कापूस मी कोणाच्या गळ्यात मारला ते विचारू नका. पूर्ण पैसे काही निघाले नाहीत, आणि ती भरपाई जानरावबाबूंकडून यायची आहे असं मी आजही मानतो.

शेड मी टाकलं. जुन्याच जागेवर, मुद्दाम.

टिनं ठोकून झाली त्या संध्याकाळी बाबू आले. वर बघितलं, खाली बघितलं. हात खिशात गेला. मला वाटलं होतंच. दिलेला शब्द गेला पाण्यात.

"शेठ, हे टोक धरा जरा."

मी माझ्याच शेडच्या विरुद्ध टेपचं टोक धरून उभा राहिलो. ते रस्त्यापर्यंत मागे गेले, वाकले, डोळे बारीक केले. "हातभर बाहेर हाय," म्हणाले. "तेवढंच. पह्यलेएवढंच."

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्या खिशात घंटी वाजली. एकच.

बाबू तसेच वाकलेले राहिले. टेप आमच्या दोघांमध्ये ताणलेला होता. दुसरी घंटी येते का याची त्यांनी वाट बघितली. आली नाही. मग त्यांनी बटण सोडलं आणि माझ्या हातातून टोक सुटून सर्रकन त्यांच्याकडे गेलं.

मी त्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो.

"आला," ते म्हणाले, आणि जेवायला घराकडे वळले.